जागतिक बँकेचं कर्ज आणि मराठवाडा-विदर्भ: जादा निधी खरंच येतो का, हे तपासायचं कसं?

दुष्काळी_तालुका यांचा प्रश्न:

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पावर, म्हणजे दुष्काळी गावांतली शेती हवामान बदलापुढे टिकावी यासाठीच्या ‘पोकरा’वर, एक अभ्यासटिपण तयार करायचं आहे. योजना चांगली की वाईट, हा विषय नाही. प्रश्न एवढाच: बाहेरून आलेल्या कर्जामुळे मागास विभागांत जो खर्च झाला तो एरवीच्या खर्चाहून जादा होता, की राज्य सरकार जे करणारच होतं त्याची जागा या पैशाने घेतली?

हाताशी असलेले आकडे असे. जागतिक बँकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. प्रकल्प साधारण ४,००० कोटी रुपयांचा, त्यात बँकेचा वाटा ७० टक्के आणि राज्याचा ३०. पहिल्या टप्प्यात १५ जिल्हे: मराठवाड्यातले आठही, पश्चिम विदर्भातले सहा (अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ, वर्धा) आणि जळगाव. गावं ५,१४२; त्यातली ९३२ पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली.

या विषयावरची सार्वजनिक चर्चा दोनच सुरांत चालते. एक सूर म्हणतो, परदेशी कर्जाने राज्य गहाण पडलं. दुसरा म्हणतो, मराठवाडा-विदर्भाला चार हजार कोटी मिळाले. ‘मिळाले’ म्हणजे नेमकं काय, हे दोन्हीकडे कोणी उलगडत नाही. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत:

१. पैसा बँकेपासून गावापर्यंत कोणत्या वाटेने येतो, आणि तो कोणत्या कागदावर दिसतो?
२. अनुशेषाच्या, म्हणजे मागास भागांच्या विकासातल्या तुटीच्या, जुन्या हिशेबाशी हा निधी जुळवता येतो का?
३. परिणाम मोजायचा तर प्रकल्पातल्या गावाची तुलना कोणत्या गावाशी करायची?

*

लेखाशीर्ष यांचं उत्तर:

पहिल्या प्रश्नाचं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक टिपणं तिथेच घसरतात.

हे व्याजाने घेतलेलं कर्ज आहे, ही पहिली गोष्ट. भारत २०१४ मध्ये बँकेच्या सवलतीच्या खिडकीतून, म्हणजे ‘आयडा’तून, बाहेर पडला, संक्रमणाची सवलत २०१७ पर्यंत चालली. पोकराचं कर्ज आयबीआरडीचं, म्हणजे बँकेच्या बिगरसवलतीच्या शाखेचं, आहे. त्याचा व्याजदर आंतरराष्ट्रीय बाजारदराशी जोडलेला असतो. शिवाय सुरुवातीला ०.२५ टक्का एकरकमी शुल्क आणि न उचललेल्या रकमेवर दरसाल ०.२५ टक्का बांधिलकी शुल्क. प्रकल्प रखडला की पैसा गावात न जाताही खर्च वाढतो. विलंबाचा हा भाग टिपणात जरूर घ्या, तो कोणी मोजत नाही.

आता वाट. कर्जकरार भारत सरकार आणि बँकेत होतो, राज्याशी वेगळा प्रकल्प करार होतो. खर्च आधी राज्य स्वतःच्या अर्थसंकल्पातून करतं. मग खर्चाचे दावे दिल्लीत आर्थिक कार्य विभागातल्या सहाय्य लेखा व लेखापरीक्षा नियंत्रकांकडे जातात. बँक डॉलर केंद्राच्या खात्यात भरते आणि केंद्र राज्याला रुपये देतं. काही रक्कम आगाऊ मिळते, पण एकूण रचना प्रतिपूर्तीची. म्हणून ज्या वर्षी गावात खर्च झाला त्याच वर्षी कर्जाची जमा दिसेल असं नाही. ती पुढच्या वर्षातही पडते. जमा आणि खर्च एकाच वर्षाचे लावून ‘निधी परत गेला’ असा निष्कर्ष काढणं चूक.

१ एप्रिल २००५ च्या आधी सर्वसाधारण राज्यांना हा पैसा ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के अनुदान असा मिळायचा आणि रुपया घसरला तर तोटा केंद्र सोसायचं. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर केंद्र ज्या अटींवर उचलतं त्याच अटींवर राज्याला देतं. याला कार्यालयांत ‘बॅक-टू-बॅक’ म्हणतात. विनिमयदराची जोखीम आता राज्यावर. २०१८ च्या सुरुवातीला डॉलर ६४-६५ रुपयांना होता, २०२४ मध्ये ८३ च्या आसपास. म्हणजे तेव्हा उचललेल्या प्रत्येक १ कोटी डॉलरमागे राज्याला सुमारे ६५ कोटी रुपये मिळाले, आणि ८३ च्या दराने मुद्दल फेडायचं तर ८३ कोटी. रुपयातल्या कर्जाचा व्याजदर डॉलरमधल्या कर्जापेक्षा जास्त असतो, म्हणून एवढ्यावरून हे कर्ज महाग ठरत नाही. पण ‘स्वस्त परदेशी पैसा’ हे विधान हा हिशेब मांडल्याशिवाय करू नये.

कागद कुठे बघायचे:

खर्चासाठी कृषी विभागाच्या मागणीत मुख्य लेखाशीर्ष (सरकारी हिशेबातलं क्रमांक दिलेलं खातं) २४०१, पीकसंवर्धन. त्यात बाह्य सहाय्यित प्रकल्पाचे सांकेतांक वेगळे असतात. बँकेचा वाटा आणि राज्याचा वाटा बहुधा दोन ओळींत येतो, दोन्ही उचला. जमेसाठी ६००४, केंद्र सरकारकडून कर्जे व अग्रिमे. योजनानिहाय वाटप आणि खर्च ‘बीम्स’ या राज्याच्या अर्थसंकल्प वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर मिळतो. ताळा करायला महालेखापालांचे वित्तीय लेखे घ्या. बाह्य सहाय्यित प्रकल्पांचं परिशिष्ट त्यात असतं आणि मिळालेली रक्कम, परतफेड, खर्च सगळं एका ठिकाणी सापडतं.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्येक ओळीला अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे आकडे असतात. प्रत्यक्ष खर्च दोन वर्षं उशिरा छापला जातो. २०१९-२० चा खरा खर्च हवा तर २०२१-२२ चं पुस्तक उघडायचं. अंदाजांवर मांडलेला कोणताही निष्कर्ष मी तरी ग्राह्य धरणार नाही.

आणखी दोन खड्डे. योजना आणि योजनेतर ही विभागणी २०१७-१८ पासून गेली. तिच्या जागी कार्यक्रम खर्च आणि अनिवार्य खर्च आले. पोकरा सुरू झाला त्याच्या तोंडावरच मालिका तुटते. आधीच्या वर्षांचे आकडे ‘योजना’ या सदरातून आणि नंतरचे ‘कार्यक्रम’मधून घेतले तर तुलना फसवी होते, दोन्हीकडची बेरीज लेखाशीर्षाच्या पातळीवर करा. दुसरं, कोषागारातून रक्कम काढली की लेख्यात ती खर्च झाली. ३१ मार्चला काढलेला पैसा प्रकल्पाच्या बँक खात्यात पडून असू शकतो. वर्षअखेरच्या खर्चाचा ताळा लाभार्थ्यांच्या खात्यात जमा झालेल्या अनुदानाशी घातल्याशिवाय ‘खर्च’ हा शब्द वापरू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. संविधानाच्या २९३(३) अनुच्छेदानुसार, केंद्राचं कर्ज बाकी असलेल्या राज्याला नवं कर्ज काढायला केंद्राची संमती लागते. त्या संमतीतून दरवर्षी निव्वळ कर्जमर्यादा ठरते आणि बाह्य सहाय्यित प्रकल्पाचं कर्ज याच मर्यादेत मोजलं जातं. बँकेकडून २०० कोटी आले तर खुल्या बाजारातून तेवढंच कमी उचलता येतं. त्यामुळे राज्याच्या एकूण पैशात भर शून्य. बदलतं ते कर्जाचं मूल्य, त्याची मुदत आणि त्यासोबत येणाऱ्या अटी.

याला संशोधनाचा आधार आहे. विनया स्वरूप, शिखा झा आणि अँड्र्यू सुनील राजकुमार यांचा भारतावरचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांना असं आढळलं की बाहेरची मदत राज्याकडे पाठवताना केंद्र त्याच राज्याच्या इतर हस्तांतरणात कपात करतं. तो अभ्यास जुन्या ७०:३० पद्धतीच्या काळातला आहे, त्यामुळे आकडे आज जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. प्रश्न विचारायची पद्धत मात्र आजही तीच.

*

समन्यायी यांचं उत्तर:

लेखाशीर्ष यांनी वाट अगदी बरोबर मांडली आहे, पण शेवटच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. कर्जमर्यादेचा युक्तिवाद तेव्हाच चालतो जेव्हा राज्य मर्यादेला टेकलेलं असतं. महाराष्ट्राची राजकोषीय तूट वर्षानुवर्षं राज्य उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत राहिलेली आहे. उचलायला वाव होता आणि राज्याने उचललं नाही. अशा वर्षी बँकेचं कर्ज बाजारातल्या कर्जाला आपोआप ढकलून बाहेर काढत नाही. खरी मर्यादा मंत्रालयात ठरते: नियोजन आणि वित्त विभाग कृषी विभागाला जो नियतव्यय, म्हणजे वर्षाच्या खर्चाची ठरवून दिलेली रक्कम, देतात ती. त्या नियतव्ययात पोकरा वरून घातला की आतून बसवला, हे तपासा. त्यासाठी कृषी विभागाच्या एकूण कार्यक्रम खर्चातून पोकरा वजा करून उरलेल्या रकमेची २०१५-१६ पासूनची मालिका स्थिर किमतींत काढा. उरलेली रक्कम प्रकल्पाच्या वर्षांत नेहमीच्या चालीपेक्षा खाली गेली असेल तर जागा घेतली. चाल तशीच राहिली असेल तर भर पडली. कर्जमाफीची वर्षं, म्हणजे २०१७ आणि २०१९ च्या दोन्ही योजनांच्या रकमा, बाजूला काढायला विसरू नका. त्या ज्या शीर्षाखाली पडल्या असतील तिथून शोधून वेगळ्या करा, नाहीतर पूर्ण आलेख वाकतो.

आता दुसरा प्रश्न, अनुशेष.

प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी नेमलेल्या दांडेकर समितीने एप्रिल १९८४ मध्ये अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपयांचा ठरवला: विदर्भ १,२४६.५५ कोटी, मराठवाडा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्र १,१८९.३८ कोटी. शेवटचा आकडा लोक विसरतात. उर्वरित महाराष्ट्राचा अनुशेष मराठवाड्यापेक्षा जास्त होता, कारण मोजणी जिल्हावार होती आणि त्या भागात कोकण, खानदेश, सोलापूर-अहमदनगरचे कोरडे पट्टेही येतात. नंतर निर्देशांक व अनुशेष समितीने ३१ मार्च १९९४ हा दिवस धरून हिशेब केला. तो आकडा १४,००६.७७ कोटी: विदर्भ ६,६२४.०२, मराठवाडा ४,००४.५५, उर्वरित महाराष्ट्र ३,३७८.२०. १९९४ मध्ये संविधानाच्या ३७१(२) अनुच्छेदाखाली या तीन विभागांसाठी तीन वैधानिक विकास मंडळं आली आणि २००१ पासून विभागवार निधीवाटपाबद्दल राज्यपालांचे निर्देश निघू लागले.

हा सगळा हिशेब भौतिक कमतरतेचा आहे. राज्याच्या सरासरीपेक्षा किती किलोमीटर रस्ता कमी, किती सिंचनक्षमता कमी, आणि ती भरून काढायला किती रुपये लागतील. सिंचनाचं माप प्रमाणित रब्बी समतुल्य हेक्टर, म्हणजे सगळ्या पिकांचं सिंचन रब्बीच्या हेक्टरांत बदलून. पोकराचा मोठा वाटा वैयक्तिक लाभाचा आहे: ठिबक, तुषार, शेडनेट, शेततळं, फळबाग. ठिबक संच किंवा शेडनेट त्या मोजणीत बसतच नाही. म्हणून ‘पोकरामुळे अनुशेष इतक्या टक्क्यांनी कमी झाला’ असं वाक्य कुठे दिसलं तर ते सोडून द्या, त्याला हिशेबाचा पाया नाही.

प्रादेशिक समतोलावरच्या केळकर समितीशी जुळवणं जास्त योग्य. २०११ मध्ये नेमलेल्या या समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला, तो डिसेंबर २०१४ मध्ये विधिमंडळात आला. जिल्ह्याऐवजी तालुक्याकडे बघण्याचा आग्रह आणि पाण्याला दिलेलं महत्त्व, या दोन्ही गोष्टी पोकरासारख्या प्रकल्पाला थेट लागू पडतात. लातूर जिल्ह्याची सरासरी औशाचं आणि जळकोटचं एकच चित्र दाखवते. तालुका धरला की फरक उघड होतो.

सार्वजनिक चर्चेतली एक चूक इथे रोखायला हवी. ‘परदेशी कर्जातला विदर्भाचा वाटा’ असा आकडा फिरतो तेव्हा त्यात नागपूर मेट्रो असते का ते बघा. तिला जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेचं ५० कोटी युरोचं कर्ज आहे आणि फ्रान्सच्या एएफडी या विकास संस्थेचंही आहे. ती रक्कम धरली की विदर्भ भरलेला दिसतो आणि यवतमाळच्या कोरडवाहू तालुक्यांना त्यातून एक रुपयाही गेलेला नसतो. मुंबईचंही तसंच. मेट्रो ३ आणि शिवडी-न्हावा शेवा सेतू यांना जपानच्या ‘जायका’ या सरकारी मदतसंस्थेचं कर्ज आहे, ती रक्कम मराठवाड्याच्या शेतीकर्जाशेजारी ठेवून ‘मुंबईला जास्त मिळालं’ म्हणणं हे दोन वेगळ्या कामांना एका तागडीत घालणं आहे. प्रादेशिक तुलना करायची तर एकाच क्षेत्रातले प्रकल्प घ्या: शेतीचे शेतीशी, पाणीपुरवठ्याचे पाणीपुरवठ्याशी. पश्चिम विदर्भासाठी ‘केम’ प्रकल्प हा चांगला जोडीदार आहे. आयफॅड या संयुक्त राष्ट्रांच्या कृषी निधीचं कर्ज, २००९ ची मंजुरी, आणि तेच सहा जिल्हे जे आज पोकरात आहेत. ज्या गावांत केम आधी होऊन गेला आणि ज्या गावांत नाही, असे दोन गट केले तर पोकराचं श्रेय केमला किंवा केमचं पोकराला जाणार नाही.

वैधानिक मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. पोकराची मधली वर्षं अशी गेली की विभागवार निधीवाटपाकडे बोट दाखवणारी घटनात्मक यंत्रणाच जागेवर नव्हती. हे मला फार गंभीर वाटतं. बँकेचे लोक वर्षातून दोनदा येऊन प्रगती तपासत होते आणि विभागाच्या वतीने विचारणारं मंडळ नव्हतं. टिपणात याला स्वतंत्र परिच्छेद द्या.

*

प्रतिगमन यांचं उत्तर:

तिसऱ्या प्रश्नाचं बघू.

आधी काय करू नये. प्रकल्पाच्या गावाचं ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढंच मांडू नये. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पोकराचं काम तेव्हाच सुरू होत होतं. पुढे २०२० ते २०२२ ही मराठवाड्यात चांगल्या पावसाची वर्षं. २०१८ पाया धरून २०२१ ची तुलना केली तर विहिरीचं पाणी, रब्बीचा पेरा, उत्पन्न सगळंच वाढलेलं दिसणार, प्रकल्प असो वा नसो. पाया एका वर्षाचा घेऊच नका. २०१४ ते २०१७ अशी किमान चार वर्षं घ्या. त्यात २०१५ चा दुष्काळही आहे आणि २०१६ चा पाऊसही.

योग्य मांडणी म्हणजे फरकांचा फरक: प्रकल्पातल्या गावांत जो बदल झाला त्यातून प्रकल्पाबाहेरच्या सारख्या गावांतला बदल वजा करायचा. यात सगळं वजन ‘सारख्या’ या शब्दावर आहे. पोकराची गावं सोडत काढून निवडलेली नाहीत. हवामानाची जोखीम आणि मागासपणाचे निकष लावून लघु-पाणलोटांचे (पावसाचं पाणी एकाच ओढ्याकडे वाहून येणाऱ्या लहान क्षेत्रांचे) समूह निवडले गेले. बाहेर राहिलेली गावं मुळातच थोडी बरी असणार. म्हणून तालुका आणि महसूल मंडळ तेच ठेवून, जमिनीचा प्रकार, २०११ च्या जनगणनेतलं सिंचित क्षेत्र, अनुसूचित जाती-जमातींचा वाटा आणि पक्क्या रस्त्यापासूनचं अंतर यांवर जोड्या लावा. मग २०१४ ते २०१७ या काळात दोन्ही गटांची चाल समांतर होती का ते तपासा. नसेल तर जोड्या मोडा आणि पुन्हा लावा.

शेजारचं गाव जोडीला घेण्याचा मोह टाळा. पाणलोट एकच असेल तर वरच्या गावातल्या बंधाऱ्याचं पाणी खालच्या गावाच्या विहिरीत मुरतं. तुलनेचं गाव दुसऱ्या लघु-पाणलोटातलं हवं.

माहिती कुठून:

पाऊस महसूल मंडळनिहाय ‘महारेन’ या राज्याच्या पर्जन्य संकेतस्थळावर. भूजल पातळी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे. निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. मार्चचा आकडा सगळ्यात उपयोगी, कारण रब्बीचा उपसा त्यात उतरलेला असतो. मेचा आकडा टँकर आणि अवकाळी पाऊस गढूळ करतात. रब्बीचं हिरवं क्षेत्र सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रांवरून काढा. १० मीटरची बारकाई लहान खातेदाराच्या शेतालाही पुरते. जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यातली ढग नसलेली चित्रं निवडा आणि दरवर्षी तोच पंधरवडा ठेवा.

रात्रीच्या उजेडावरून विकास मोजायची पद्धत परदेशी मदतीच्या संशोधनात खूप चालते. ड्रेहर आणि लोहमान यांनी २०१५ मध्ये जागतिक बँकेच्या प्रकल्पांची ठिकाणं आणि रात्रीचा उजेड यांचा हजारो विभागांवर अभ्यास केला. दोन्हींत संबंध दिसला, पण मदतीमुळे वाढ झाली असं सिद्ध करता आलं नाही. कोरडवाहू शेतीच्या प्रकल्पाला ते माप लावूच नका. ठिबक बसवल्याने गावातला उजेड वाढत नाही.

प्रकल्पांची ठिकाणं देणारे तयार संच वापरणार असाल तर प्रत्येक नोंदीपुढचा अचूकतेचा सांकेतांक आधी वाचा. १ म्हणजे नेमकं ठिकाण, ३ म्हणजे फक्त जिल्हा माहीत, ४ म्हणजे फक्त राज्य. ४ वाल्या नोंदींचा ठिपका नकाशावर कुठेतरी पडतोच. तो खऱ्या गावाचा ठिपका समजून बेरीज केली की निष्कर्ष पार उलटा होतो. पोकरासाठी या संचांची गरजच नाही, गावांची अधिकृत यादी आहे.

यादी जुळवताना गावाच्या नावावर अजिबात विसंबू नका. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव प्रत्येक तालुक्यात दोन-तीन. औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, तेव्हा २०२३ च्या आधीच्या आणि नंतरच्या फाइली जिल्ह्याच्या नावावर जोडल्या तर दोन जिल्हे गळतात. जनगणना २०११ चा सहा अंकी गावक्रमांक हा एकच धागा धरा.

युरोपचंही एक उदाहरण वाचण्यासारखं आहे. युरोपीय संघात दरडोई उत्पन्न सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली असलेल्या विभागांना मोठा निधी मिळतो. बेकर, एगर आणि फॉन एर्लिश यांनी या रेषेच्या किंचित खालचे आणि किंचित वरचे विभाग तुलनेला घेतले. २०१० च्या अभ्यासात उत्पन्नवाढीवर परिणाम दिसला, रोजगारावर दिसला नाही. २०१३ मध्ये त्यांनी आणखी खोलात जाऊन दाखवलं की निधीतून वाढ करून दाखवणारे विभाग साधारण ३० टक्केच होते: जिथे शिक्षित मनुष्यबळ आणि बरा कारभार आधीच होता तिथे. समूहांची गुणांकन यादी मिळाली तर इथेही हाच प्रयोग करता येतो. कटरेषेच्या लगतचे समूह घ्यायचे, आत आलेले आणि थोडक्यात हुकलेले. जोड्या लावण्यापेक्षा हा मार्ग भक्कम, म्हणून ती यादी मिळवायचा प्रयत्न आधी करा.

*

खारपाण यांचं उत्तर:

९३२ गावं वेगळी काढा, हे तळमळीने सांगतो. खारपाणपट्ट्यात भूजल खारं असतं. तिथे विहिरीची पातळी वाढली तरी शेतकऱ्याला उपयोग नाही. त्याला शेततळ्यातलं पावसाचं पाणी लागतं, सप्टेंबरच्या खंडात एक संरक्षित ओलीत आणि हरभऱ्याला एक-दोन. इथे माप म्हणून हरभऱ्याचा पेरा आणि शेततळ्यात डिसेंबरअखेर राहिलेलं पाणी घ्या. बाकीच्या ४,२१० गावांचं भूजलाचं माप इथे लावलं तर प्रकल्प विनाकारण नापास होईल.

जादा निधी कोणाच्या हातात पडला, हेही टिपणात आलंच पाहिजे. लाभाची पद्धत अशी: पोर्टलवर आधारने नोंदणी, घटकासाठी अर्ज, ग्राम कृषी संजीवनी समितीची मान्यता, पूर्वसंमती, मग शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने खरेदी किंवा काम करायचं, त्यानंतर मोका तपासणी आणि जिओटॅग केलेले फोटो, आणि शेवटी अनुदान आधार जोडलेल्या खात्यात. मध्यस्थ कमी झाले हा मोठा फायदा. पण पूर्ण रक्कम आधी गुंतवायची असल्यामुळे ज्याच्याकडे ती नाही किंवा ज्याचं पीककर्ज थकलं आहे तो पूर्वसंमती मिळूनही थांबतो. म्हणून अर्ज, पूर्वसंमती आणि प्रत्यक्ष अनुदान या तीन संख्या भूधारणेच्या गटानुसार वेगवेगळ्या मागा. गळती पूर्वसंमती आणि अनुदान यांच्या मध्ये असेल तर कारण भांडवलाचं, अर्ज आणि पूर्वसंमती यांच्या मध्ये असेल तर समितीचं किंवा कागदांचं. अत्यल्प भूधारकांचा लाभार्थ्यांतला वाटा २०१५-१६ च्या कृषी गणनेतल्या त्यांच्या वाट्याशेजारी ठेवा. बटईने करणारे आणि सातबारावर नाव नसलेल्या बाया या यादीत येणारच नाहीत. त्या दिसत नाहीत म्हणजे गावात नाहीत असं समजू नका.

जागा घेतली गेली का, हे पाहायची गावपातळीवरची सोपी कसोटी ठिबक आहे. एका क्षेत्राला एकाच घटकाचा लाभ दोन योजनांतून घेता येत नाही. पोकराच्या गावात ‘प्रति थेंब अधिक पीक’ या केंद्राच्या सूक्ष्म सिंचन योजनेतून मिळणारे संच किती घटले आणि पोकरातून किती वाढले, दोन्हीची बेरीज करा. बेरीज बाहेरच्या गावांपेक्षा वाढली तरच ते जादा.

*

दुष्काळी_तालुका:

समन्यायी, प्रतिगमन, खारपाण आणि लेखाशीर्ष, सगळ्यांचे मनापासून आभार. ठिबकची कसोटी आधी लावून बघतो, एका तालुक्यापुरती. समूहांची गुणांकन यादी आणि अर्ज-पूर्वसंमती-अनुदान या तीन संख्या माहितीच्या अधिकारात मागायच्या तर अर्ज कसा लिहावा?

*

लेखाशीर्ष:

समन्यायी यांचा तुटीबद्दलचा मुद्दा मान्य. मर्यादा गाठली नसेल त्या वर्षी नियतव्ययाची मालिकाच निर्णायक ठरते. दोन्ही मालिका एका तक्त्यात ठेवा.

अर्ज दोन करा, एकत्र करू नका. पहिला प्रकल्प व्यवस्थापन कक्षाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे: ‘पहिल्या टप्प्यातील गाव समूहांच्या निवडीसाठी केलेली गुणांकनाची अंतिम यादी, निवडलेले व न निवडलेले दोन्ही समूह, तालुकानिहाय, आणि निवडीस मान्यता देणाऱ्या बैठकीचं इतिवृत्त.’ ‘न निवडलेले’ हा शब्द घातला नाही तर फक्त निवडलेल्यांची यादी येते.

दुसरा उपविभागीय कृषी अधिकाऱ्याकडे: गावाचा जनगणना क्रमांक, घटक, वर्ष, भूधारणेचा गट, आणि त्या प्रत्येकासमोर तीन संख्या. लाभार्थ्यांची नावं, आधार किंवा खाते क्रमांक मागू नका. त्यामुळे वैयक्तिक माहितीच्या कारणाने पूर्ण अर्ज नाकारला जातो आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. माहिती एक्सेल स्वरूपात सीडीवर किंवा ईमेलने द्यावी असं स्पष्ट लिहा, नाहीतर छापील पानं मिळतात आणि पानामागे २ रुपये भरून पुन्हा सगळं हाताने टंकावं लागतं. ‘का’ आणि ‘कशामुळे’ असे प्रश्न अर्जात नकोत, फक्त दस्तऐवज मागायचे. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस, त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील.

दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्हे आणि ७,२०१ गावं आहेत, पूर्व विदर्भही आला आहे. त्या टप्प्याची निवडयादीही पहिल्या अर्जातच मागून ठेवा. पाया आत्ताच पकडला तर पुढची तुलना करायला आधीची चार वर्षं शोधत बसावं लागणार नाही.